वरंब्यावरचा रंग

४ मार्च, मंगळवार

आज पुन्हा बुटांवरून भांडण. सुटाबुटातला एक गृहस्थ, गालावर चामखीळ. म्हणतो, "सिस्टर, मला गाल दाखवायचाय, बूट कशाला काढू?" म्हटलं, गाल तुम्हाला रोज आरशात दिसतो, तळपाय शेवटचा कधी बघितलात? मग काढले. मोज्याला भोक होतं – म्हणून एवढा तोरा!

खोली नंबर अकरामध्ये जो येईल त्याने दोन्ही तळपाय दाखवायचे, हा नियम. दवाखान्याचा नाही, साहेबांचा नाही, माझा. गेल्या वर्षी तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले तेव्हापासून. रांग लांबते, मान्य. मेट्रनबाई दारातून मनगटावरचं घड्याळ दाखवतात. दाखवू देत. माझ्या घरी अख्खा घड्याळदुरुस्तीवाला आहे, मला घड्याळाची कसली भीती.

कागदावर माझं काम एवढंच – पेशंट दाखवील त्या डागावर जेलचा थेंब टाकायचा, हातातला डर्मोस्कोप टेकवायचा, दिवा लावून फोटो काढायचा. म्हणजे दिव्याचं भिंगच ते, मुठीत मावणारं. फोटो साहेबांच्या कॉम्प्युटरवर जातात. साहेब आमच्या त्वचा विभागाचे प्रमुख. चार वाजता बसतात आणि वीस मिनिटांत चाळीस फोटो निकालात काढतात. मला शंका आली तर मी लाल शेरा मारायचा. "शंका लिहा सिस्टर, मत नको." बत्तीस वर्षं नोकरी झाली माझी. आता शंका आणि मत यांतला फरक शिकतेय.

६ मार्च, गुरुवार

बसचा ड्रायव्हर आला, काखेतल्या खाजेसाठी. बूट काढायला लावले. उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, नाण्याएवढा काळपट डाग. भिंग टेकवलं.

तळपायाची कातडी भिंगाखाली नांगरलेल्या शेतासारखी दिसते. सरी, वरंबा, सरी, वरंबा. शिबिरातल्या बाईंनी इंग्रजी नावं सांगितली होती, ती घरी येईपर्यंत विसरले आणि ही ठेवली. रंग सरीत साठला असेल तर बहुतेक साधा तीळ. वरंब्यावर चढला असेल तर सावध व्हायचं, तो कॅन्सर असू शकतो. वरंबा ओळखायची खूण म्हणजे त्याच्या माथ्यावर घामाच्या छिद्रांची पांढरी टिंबं असतात, ओळीने.

ड्रायव्हरचा सगळा रंग वरंब्यावर! लाल शेरा मारला. वर त्याला म्हटलं, "शनिवारी या, येताना घरचं कोणी घेऊन या." हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

८ मार्च, शनिवार

तोंडघशी पडले.

ड्रायव्हर आला तो बायको आणि मोठ्या भावाला घेऊन. बायकोचे डोळे सुजलेले. साहेबांनी डाग बघितला, भिंगसुद्धा हातात घेतलं नाही. "बूट नवे का हो?" "हो, महिना झाला." "काळे? मोजे घालता?" "नाही साहेब, उकडतं." साहेबांनी स्पिरिटचा बोळा घेतला, चार वेळा जोरात घासला, वर चिकटपट्टी दाबून खेचली. पट्टी काळी, तळवा गोरा. भाऊ म्हणाला, "म्हणजे बुटाच्या पॉलिशसाठी दोन दिवस घरात रडारड?" बाहेरची रांगसुद्धा हसली. बायको हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मला फक्त तिची लाज वाटली.

चूक काय झाली ते लिहून ठेवते. नवं चामडं, घाम, मोजे नाहीत. बुटाला टेकतो तो वरंबाच, म्हणून रंग लागतो तोही वरंब्यालाच. सरी कोरडी राहते. रबरी शिक्क्यासारखं. मी आधी पुसून बघायला हवं होतं. पुसलं नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढचं सांगेपर्यंत लाल शेरा बंद." भावाने वर तक्रार केली म्हणे. साहेबांना माफीचं पत्र लिहावं लागलं. त्यांचा राग मला कळतो, पण म्हणून मी डोळे मिटून फोटो काढू?

घरी येऊन यांना सांगितलं. हे डोळ्यातलं भिंग न काढता म्हणाले, "मी एकदा एक घड्याळ पूर्ण उघडलं. धुतलं, तेल घातलं, दोन दिवसांनी जोडलं. बिघाड नव्हताच, नुसती चावी द्यायची राहिली होती." आधी हसू आलं नाही. नंतर आलं.

१० मार्च, सोमवार

नवीन नाव पडलं – पॉलिशबाई. कॅन्टीनपर्यंत पोचलंय. बूट काढणं चालूच राहणार.

१९ मार्च, बुधवार

आज एक पार्लरवाली आली. दोन स्टेशनं पलीकडे तिचं केसांचं दुकान आहे. पंचेचाळिशीची, अंगाने किरकोळ, स्वतःचे केस पांढरे ठेवलेले. विचारलं तर म्हणाली, "रोज लोकांचे रंगवते, घरी आल्यावर परत तेच कोण करणार." नखं दाखवायला आली होती. दिवसभर पाण्यात हात, नखांना बुरशी धरलेली. कार्ड जुनं होतं, मागे हाताला चामखीळ झाली तेव्हाचं.

चपला काढा म्हटलं. "पायाला काही नाही, हाताला आहे." काढा म्हणजे काढा. काढल्या.

दोन्ही तळपाय चितरलेले! दुकानात अनवाणी वावरते, केसांचा रंग फरशीवर ठिबकतो, त्यावर पाय पडतात. मी शहाणी झाले होते. आधी स्पिरिट. मग साबण. मग चिकटपट्टी, पाच वेळा. बाकीचे डाग कुठे निघाले, कुठे फिके झाले. डाव्या टाचेच्या आतल्या कडेचा एक – शेंगदाण्याएवढा – तसाच. भिंग टेकवलं. रंग वरंब्यावर. तोही सारखा नाही, एका बाजूला गडद, एका बाजूला राखाडी, कडा मध्येच तुटलेली. पांढरी टिंबं रंगातून वर आलेली, मोजता येतील इतकी.

या वेळी चेहरा दगडाचा ठेवला. ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. "काय आहे?" "केसांचा रंग असेल." तशी हसली. "रंग मला सांगू नका, सिस्टर. रंगावर माझं पोट आहे."

लाल शेऱ्याला बंदी आहे, निळ्याला नाही. निळ्या शाईत लिहिलं – साहेबांनी स्वतः बघावे.

२० मार्च, गुरुवार

साहेबांनी स्वतः बघितलं नाही. फोटो बघितला. "पार्लरवाली ना? मग पुन्हा पॉलिशच." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे पोळलं माझं आणि फुंकतायत साहेब.

म्हणाले, केसांचा रंग कातडीत मुरतो, पुसून जात नाही, कातडी झडेल तेव्हा जाईल. तीन महिन्यांनी बोलवा. एका अंगाने खरंच आहे ते. मुरतो. पण तीन महिने कशाला? तळपायाची कातडी तीन-चार आठवड्यांत बदलते. म्हटलं, तीन आठवड्यांनी बोलवू? "सिस्टर, पुढचा पेशंट."

मी बाहेर येऊन तिला फोन लावला. म्हटलं, उद्यापासून दुकानात रबरी बूट घालायचे, पायाला रंगाचा एक थेंब लागता कामा नये, आपण दर शुक्रवारी फोटो काढू. तिने थोडा विचार केला. "नुसतं वाट बघून काय कळणार? एक काम करा. दुसऱ्या टाचेला माझाच रंग लावून ठेवा, तेवढ्याच आकाराचा. रंग असेल तर दोन्ही बरोबर जातील."

बत्तीस वर्षं नोकरी माझी, आणि अक्कल पार्लरवालीची!

२१ मार्च, शुक्रवार

ड्युटी संपवून, डर्मोस्कोप पिशवीत टाकून तिच्या दुकानात गेले. दोन खुर्च्या, एक बेसिन, आरशाचा कोपरा तडकलेला त्यावर फुलाचं स्टिकर. फरशीवर तपकिरी थेंबांची रांग बेसिनपासून दारापर्यंत. एका खुर्चीवर डोक्याला रंग थापलेली गिऱ्हाईक, दुसऱ्या खुर्चीवर मालकीण, दोन्ही पाय स्टुलावर. तिनेच वाटीत रंग कालवला, ब्रशने उजव्या टाचेला शेंगदाणा काढला. "अर्धा तास ठेवू. गिऱ्हाइकाला ठेवते तेवढाच." गिऱ्हाईक बाई आरशातून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही, म्हणाल्या, "ही नवीन फॅशन आहे का?" पार्लरवाली म्हणाली, "हो, तुम्हाला करू?"

अर्ध्या तासाने धुतला. दोन्ही टाचांचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर सख्खे भाऊ.

मी विचारलं, घरी कोणी आहे का. "आई होती. आता दुकान आहे." सकाळी नऊ ते रात्री आठ उभी असते. बसून केस कापता येत नाहीत, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

उजवा थोडा फिका. डावा तसाच. रबरी बुटांत पाय शिजतात म्हणाली. शिजू देत.

४ एप्रिल, शुक्रवार

उजवा अर्धा गेला, कडेने पापुद्रे सुटतायत. डावा तसाच. तिने माझे केस कापून दिले, न विचारता. बरे कापलेत.

११ एप्रिल, शुक्रवार

उजवी टाच स्वच्छ. भिंगाखालीसुद्धा काही नाही, नुसती नांगरट. डाव्या टाचेवर तोच शेंगदाणा, त्याच जागी, तेवढाच गडद. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

तिने दोन्ही फोटो माझ्या हातातून घेऊन शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघितले. मग म्हणाली, "म्हणजे माझाच आहे हा." खुर्चीत बसली. पहिल्यांदाच तिला पाठ टेकून बसलेली पाहिली.

१२ एप्रिल, शनिवार

चारही आठवड्यांचे फोटो ओळीने लावून साहेबांच्या टेबलावर ठेवले. वाटलं, आता तरी.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोंकडे बघण्याआधी विचारतात, "दुसऱ्या पायाला रंग लावायची परवानगी कोणी दिली? पेशंटवर प्रयोग करता?" मग फोटो बघितले, बघितले खरे. "असेल जन्मजात तीळ. सिस्टर, टाचेचा तुकडा काढायचा म्हणजे ती बाई महिना लंगडेल. तिचं उभ्याचं काम. पुन्हा रंगच निघाला तर तक्रार कोणावर येणार, तुमच्यावर? जूनमध्ये बघू." म्हटलं, तुम्ही एकदा फक्त पाय बघा. "जूनमध्ये." आणि दारापर्यंत गेले तेव्हा पाठीमागून – "फोटो या इमारतीबाहेर जाता कामा नयेत. नियम माहीत आहे ना?"

माहीत आहे. नियम पाठ आहेत. म्हणूनच कोणता मोडायचा ते पटकन ठरवता येतं.

१३ एप्रिल, रविवार

दिवसभर घर पुसत बसले. हे म्हणाले, फरशी झिजेल. मग सगळं सांगितलं. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, हेही त्यांना माहीत आहे, म्हणून ते पुन्हा सांगितलं नाही. यांनी एवढंच विचारलं, "तुझी खात्री किती?" म्हटलं, खात्री नाही. शंका आहे. ड्रायव्हरच्या वेळी खात्री होती.

"मग जा," म्हणाले आणि पुन्हा घड्याळात डोकं घातलं. या माणसाशी भांडायची सोय नाही.

मला भीती वाटतेय. साहेबांची नाही. पुन्हा चुकले तर तिच्या टाचेला भोक पाडून ठेवीन आणि ती जन्मात माझ्याशी बोलणार नाही, याची.

१५ एप्रिल, मंगळवार

रजा टाकली. कारण – घरगुती. पार्लरवालीने दुकानाला 'आज बंद' पाटी लावली. तीन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. दोघी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. माझ्या पिशवीत भाजीच्या खाली आठ फोटो. चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. म्हणजे चोरीच होती ती.

तीन तास बाकावर. ती बाकावरच्या बायकांचे केस बघत होती. हिचा मागून चुकलाय, तिचा घरी कापलाय. मी पिशवी मांडीवर आवळून बसलेली आणि हिची टवाळी चालू! शेवटी नंबर आला.

तिथल्या डॉक्टरीण माझ्याच वयाच्या. मी बोलायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं, आधी पाय घेतला, मांडीवर ठेवला, भिंग लावलं. दोन मिनिटं. तीन मिनिटं. मग माझे फोटो ओळीने बघितले. उजवी टाच, डावी टाच, उजवी, डावी. "हा दुसऱ्या पायाला रंग लावायचा उद्योग कोणाचा?" म्हटलं, हिचा. आमच्या साहेबांना प्रयोग वाटला, यांना उद्योग. पण म्हणताना हसल्या.

मग विचारलं, "यापूर्वीचा फोटो आहे का? वर्षा-दीड वर्षापूर्वीचा? वाढ कळली असती." मी छातीठोकपणे सांगितलं, नाही, ही पायासाठी आत्ताच पहिल्यांदा आली. पार्लरवाली छताकडे बघत होती. घाबरली असेल.

तुकडा लगेच काढला. डाव्या टाचेतून, भूल देऊन. तिने माझा हात धरला नाही. मीच तिचा धरला.

१६ एप्रिल, बुधवार

कोणीतरी सांगितलंच. मेमो आला. परवानगीविना रुग्णाची छायाचित्रे बाहेर नेणे, रुग्णावर परस्पर प्रयोग करणे, वरिष्ठांचा अवमान. तीन दिवसांत खुलासा द्या. डर्मोस्कोप मेट्रनबाईंच्या कपाटात, कुलपात.

तरी आज रांगेतल्या सगळ्यांचे बूट काढायला लावले. भिंग नाही तर नाही, डोळे माझे आहेत.

१८ एप्रिल, शुक्रवार

खुलासा दिला. तीन ओळींचा. फोटो नेले. रंग लावला. अवमान केला नाही, तो आपोआप झाला असल्यास माहीत नाही. मेट्रनबाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "शेवटची ओळ काढ गं बाई." काढली नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट आला. कॅन्सरच. पण वरच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. थोडी रुंद कातडी काढायची, मांडीची कातडी तिथे लावायची, दीड महिना टाच जमिनीला टेकवायची नाही. मग बरी. डॉक्टरीण 'बरी' हा शब्द इतक्या साधेपणाने बोलल्या की पार्लरवालीने तो पुन्हा म्हणायला लावला.

मग तिने विचारलं, "अजून सहा महिन्यांनी आले असते तर?" डॉक्टरीण म्हणाल्या, "तर मी दुसरं काहीतरी सांगत असते." बाहेर येऊन तिने एक सणसणीत शिवी दिली. कोणाला ते विचारलं नाही. मग म्हणाली, "दीड महिना बसून राहायचं. मला बसायला येत नाही हो." आणि रडली. मीही.

एक गोष्ट लिहून ठेवते, खोटं लिहायला ही वही घेतलेली नाही. रिपोर्ट वाचला तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. बाईला कॅन्सर निघाला आणि मी बरोबर ठरले म्हणून आनंद! क्षणभरच. पण झाला.

३० एप्रिल, बुधवार

साहेबांनी बोलावलं. रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोचलाय. खुर्ची दिली. बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा. "निदान बरोबर निघालं, आनंद आहे. पण पद्धत ती पद्धत. तुम्ही दोन ओळींचा माफीनामा द्या, मी मेमो मागे घेतो. चौदा महिने राहिलेत तुमचे, सुखाने जा."

वाईट माणूस नाही. चहासुद्धा मागवला. मी चहा प्यायले आणि माफीनामा देणार नाही म्हटलं. पद्धतीने गेले असते तर ती जूनमध्ये आली असती. "मग चौकशी होईल." होऊ दे.

६ मे, मंगळवार

तिचं ऑपरेशन झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य – "तुमचे केस वाढलेत."

९ मे, शुक्रवार

चौकशी पंधरा तारखेला. तीन जणांची समिती. सगळे विचारतात, वकील घेणार का, युनियनला सांगणार का. काही गरज नाही. मी शेपूट घालून जाणार नाही, आणि रिकाम्या हातानेही जाणार नाही.

डर्मोस्कोप येऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तळपायाचे जे जे फोटो निघाले आणि ज्यांच्यावर साहेबांनी न बघता 'साधा' लिहिलं, ते सगळे काढणार. वीस मिनिटांत चाळीस! किती जण असे परत गेले ते समितीला मोजून दाखवते. मागच्या वर्षापर्यंतचे फोटो जुन्या कॉम्प्युटरवर आहेत, तो रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात पडलाय. रेकॉर्डवाली माझ्या बाजूची आहे. रोज दुपारच्या सुट्टीत तासभर बसू देते म्हणाली.

हे म्हणाले, "दुसऱ्याचं घड्याळ उघडताना आपला हात स्थिर हवा." म्हटलं, माझा हात कधी हलला?

१२ मे, सोमवार

एकशे बारा तळपाय बघून झाले. साहेबांचे सहा 'साधे' असे आहेत की मला आज झोप लागणार नाही. सहाही जणांना फोन लावले. चौघं येतो म्हणाले. दोघांचे नंबर बदललेत, पत्ते शोधतेय. हे समितीसाठी नाही, हे आधी.

१४ मे, बुधवार

आज जुन्या कॉम्प्युटरवर तिचा कार्ड नंबर सापडला. अठरा महिन्यांपूर्वीचा, शिबिराच्या आधीचा. हाताच्या चामखिळीचा फोटो आणि त्याच्यापुढचा डाव्या टाचेचा, म्हणजे तिनेच दाखवली होती. डाग डाळीच्या दाण्याएवढा. खाली साहेबांचा शेरा – "हे काय आहे? पुन्हा बोलवा." त्याखाली उत्तर – "पार्लरमध्ये काम. केसांचा रंग. बोलावणे नको." सही माझी.

मला आठवतसुद्धा नाही.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. पाय उशीवर ठेवून पडली होती. फोटो पुढे धरला. विचारलं, तुला हे माहीत होतं?

"पहिल्या दिवसापासून."

मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुम्ही आधी स्वतःला वाचवायला गेला असतात. मला माझा पाय वाचवायचा होता."

समितीपुढे ठेवायच्या फाइलमध्ये हा फोटो सगळ्यात वर लावला आहे. चौकशी उद्या अकराला.